वजनकाका

आमच्या वाडीत मुलीचं लग्न ठरलं की पहिली पत्रिका देवापुढे ठेवतात आणि भांड्यांची पहिली यादी वजनकाकांपुढे. देव निमूटपणे पत्रिका ठेवून घेतो. काका चष्मा पुसतात, लाल रिफिलचं पेन काढतात आणि विचारतात, "हे 'टोप, मोठा, एक' म्हणजे काय? मोठा म्हणजे किती? किलोत बोला."

काकांचं खरं नाव मतदारयादीत आहे. गिरगावात ते कुणी वापरत नाही. ठाकूरद्वारच्या नाक्यापासून सी. पी. टँकपर्यंत ते वजनकाकाच. पदवीचा त्यांच्या अंगकाठीशी संबंध नाही. छत्रीसकट उभे राहिले तरी काटा बावन्नच्या पुढे सरकत नाही. पण कुठलीही वस्तू हातात आली की डोळे मिटून तिचं वजन सांगायची त्यांना खोड आहे. भाजीवालीने पाव किलो म्हणून दिलेली मिरची त्यांनी "दोनशे तीस" असं म्हणून परत केलेली आहे. शेजारी बाळ आलं तेव्हा सगळे नाक कुणासारखं ते पाहत होते. काकांनी बाळ उचललं आणि म्हणाले, "दोन आठशे." हॉस्पिटलच्या कागदावर दोन किलो सातशे पन्नास होतं. काका म्हणाले, "ते दुपट्याशिवाय केलं असेल."

ही खोड नोकरीतली. तरुणपणी ते परळच्या एका गिरणीत स्टोअरमध्ये होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, त्यानंतर गिरणी काही पूर्वीसारखी चालली नाही, आणि काका दारूखान्यात एका लोखंडाच्या व्यापाऱ्याकडे वहीवर बसले. गिरणीत बॉबिनी मोजल्या, दारूखान्यात भंगारात निघालेल्या जहाजांचे पत्रे. त्या पत्र्यांनी त्यांना जे ज्ञान दिलं ते त्यांनी स्वतःपाशी कधीच ठेवलं नाही. "गेज उलटा चालतो, माहीत आहे का? सोळा गेज म्हणजे दीड मिलिमीटरच्या वर. बावीस गेज म्हणजे पाऊण मिलिमीटरही नाही. आकडा मोठा, पत्रा बारीक. हे ज्याला कळलं त्याला दुकानदार फसवू शकत नाही." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, गणपतीच्या मिरवणुकीत ऐकलंय, आणि चंदनवाडीच्या स्मशानात एका शेजाऱ्यांना पोहोचवायला गेलो होतो तेव्हाही, जरा हळू आवाजात, ऐकलंय.

भांडी घ्यायची ती पायधुणीला, तांबा काट्यावर. तिथवर चालत जायचं, भुलेश्वरातून, कारण टॅक्सीचे पैसे भांड्याच्या भावात मिळवावे लागतात. दादरला रानडे रोडवर भांडी मिळतात हे काकांना मान्य आहे; पण तिथे नगावर विकतात, आणि नगावर विकलेली वस्तू म्हणजे काकांच्या लेखी दान. खोक्यातल्या भांड्यांबद्दल तर बोलायलाच नको. वाडीतल्या एका मुलाने मोबाइलवर कढई दाखवली. काकांनी भिंग घेऊन बारीक अक्षरांतली माहिती वाचली. "वजन, झाकणासह," असं त्यात होतं. काकांनी फोन परत दिला. "झाकणासह! मटणवाला हाडं तरी समोर तोडतो."

दुकानात काकांची परीक्षा ठरलेली असते. भांडं आधी कानांनी बघायचं. बोट वाकवून त्याच्या हाडाने बुडावर एक ठोका. जाड बूड 'ठप्प' बोलतं, पातळ पत्रा 'टण्ण' ओरडतो. काशाची वाटी घणघणत राहते, तिला माफी. बिडाच्या तव्याचा आवाज फुटका आला तर कुठेतरी बारीक तडा आहे, ठेवा खाली. बीड वाकत नाही, सरळ फुटतं. मग येतो काठ. स्वस्त टोपाचा काठ गोल वळवून जाड दाखवलेला असतो आणि बूड मात्र कागदासारखं, म्हणून काका काठावर अंगठा ठेवून बुडावर तर्जनी फिरवतात. पुढे टोप काउंटरच्या काचेवर ठेवून एका बोटाने दाबायचा. डुगडुगला तर गॅसवरही डुगडुगणार. मग कान, म्हणजे भांड्याचे. रिव्हेट मारलेत की नुसती वेल्डिंगची टीप आहे? शेवटी झाकण: आत बसतं की वर? आत बसणाऱ्या झाकणावरचं वाफेचं पाणी परत भांड्यात पडतं, वर बसणाऱ्याचं ओट्यावर.

ठोक्यांचा आवाज चार दुकानं ओलांडून जातो. तिथले एक शेठ काकांना वर्षानुवर्षं ओळखतात. "काका, जरा धीरे," ते म्हणतात, "भांडा हाय, दरवाजा नाय."

आणि हे सगळं झाल्यावर खिशातून चुंबक निघतं. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं काळं, गोल चुंबक. रुमालात बांधलेलं. चुंबक चिकटलं तर स्टील खोटं, नाही चिकटलं तर खरं, हा काकांचा सिद्धान्त. अख्ख्या वाडीची सासरं त्या चुंबकावर उभी राहिली. सिद्धान्तात तथ्य होतं. चांगल्या भांड्यांचं ३०४ नंबरचं स्टील, ज्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, ते चुंबकाला दाद देत नाही. निकेल नसलेलं ४३० नंबरचं स्टील लगेच चिकटतं. पण गेल्या दिवाळीच्या सुमारास शेठना एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं आणि त्यांनी काकांपुढे दोन वाट्या ठेवल्या.

"काका, लावा तुमचा चुंबक."

दोन्हींना चिकटलं नाही.

"आता सांगा, तीनशे चार कुठली आणि दोनशे दोन कुठली?"

२०२ नंबरच्या स्टीलमध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. स्वस्त पडतं, गंजाला लवकर बळी पडतं, आणि चुंबकाला तेही बहुतेक वेळा चिकटत नाही. काकांनी दोन्ही वाट्या तळहातांवर तोलल्या. सारख्याच होत्या. ठोकल्या. सारख्याच. तेव्हा शेठनी वाटी उलटी करून बुडावरचा शिक्का दाखवला. "नंबर वाचायचा, काका. आणि आयएसआय बघायचा. २०२४ला सरकारने ऑर्डर काढली, स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना शिक्का पायजे." काका म्हणाले, "शिक्का काय, कुणीही मारतो." पण त्या दिवसापासून त्यांच्या खिशात चुंबकाच्या जोडीला भिंगही असतं.

चुंबकाला खरा धक्का यायचा होता तो लालबागहून. मधल्या मजल्यावरच्या वहिनींच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलाने घर घेतलं होतं लालबागच्या एका टॉवरमध्ये, एकतिसाव्या मजल्यावर. काका घर बघायला गेले, खिडकीतून खाली पाहिलं, पूर्वी गिरण्यांच्या चिमण्या कुठे होत्या ते बोटाने दाखवलं आणि लगेच स्वयंपाकघरात शिरले. ओट्यावर एक काळी गुळगुळीत काच.

"गॅस कुठे आहे?"

"हाच, काका. इंडक्शन."

मुलाने समजावलं की ही काच स्वतः तापत नाही. खालच्या चुंबकीय क्षेत्राने भांड्याचं बूडच तापतं, आणि म्हणून बुडाला चुंबक चिकटायलाच हवं. नाही चिकटलं तर पाणी उकळणार नाही.

काका खुर्चीवर बसले. पाणी मागितलं. ज्या गुणासाठी आजवर भांडी नाकारली, तोच गुण आता भांडी घ्यायची अट झाला होता. वहिनी घाबरल्या. पण काका दारूखान्यात टिकलेले आहेत. पाणी संपायच्या आत नवा सिद्धान्त तयार होता: "म्हणजे बुडाला चिकटायला हवं, अंगाला नको. मी हेच सांगत आलोय."

आणि गंमत म्हणजे तो सिद्धान्त बराचसा बरोबर आहे. चांगल्या सँडविच बुडाच्या टोपात आतून ३०४, मध्ये ॲल्युमिनियमची चकती आणि बाहेरून चुंबकाला चिकटणारं ४३० असतं. ॲल्युमिनियम कशाला? तर स्टील उष्णतेच्या बाबतीत अगदीच मद्दड. ॲल्युमिनियममधून उष्णता त्याच्या पंधरापट सहज पसरते, तांब्यातून पंचवीसपट. नुसत्या पातळ स्टीलच्या टोपात दूध ठेवलं की ज्योतीचं कडं जिथे लागतं तिथेच करपतं आणि बाकीचं दूध थंड. काकांनी हे एका रात्रीत नातवाकडून समजून घेतलं आणि सकाळी दूधवाल्याला शिकवलं.

आता तुम्हाला वाटेल की अशा माणसाच्या घरचं स्वयंपाकघर म्हणजे नुसती श्रीमंती. आहेच. दोन खोल्यांच्या घरात भिंतभर फळी, फळीवर पितळेची उतरंड, तांब्याचं घंगाळ, तीन किलोची लोखंडी कढई, चौदा गेजचा टोप, त्याचा भाऊ सोळा गेजचा. काका रविवारी फळीखाली स्टूल ठेवून बसतात आणि पाहुण्याला एकेकाचा भाव सांगतात, घेतला तेव्हाचा आणि आजच्या मोडीचा. "पितळ घ्या, पैसे कुठे जात नाहीत. शंभर वर्षांनी मोडीत घाला, किलोचे किलो परत." शंभर वर्षांनी मोडीत घालायला कोण जाणार, हे पाहुणा विचारत नाही.

स्वयंपाक काकू करतात. आणि त्या फळीवरचं काहीही कधी काढत नाहीत.

काकूंची भांडी ओट्याखाली असतात. एक तीन लिटरचा कुकर, ज्याची रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्या स्वतः बदलून आणतात. एक चहाचं पातळ, स्वस्तातलं भांडं. एक बिडाचा तवा, काळा कुळकुळीत. फोडणीची पळी. आणि एक हिंडालियमचा टोप, दोन ठिकाणी चेपलेला, ज्यात भात होतो, उसळ होते, पावसाळ्यात चिंबोऱ्यांचं कालवण होतं. आमटीत चिंच-आमसूल पडलं की ती त्यात मुरत ठेवायची नाही, ॲल्युमिनियमला आंबट सोसत नाही, हे त्यांना कुणी शिकवलं नाही. उतरवल्या उतरवल्या स्टीलच्या पातेल्यात ओततात. पितळेच्या पातेल्यात आंबट कळकतं, म्हणून पातेलं कल्हईशिवाय चालत नाही. आणि कल्हईवाला आता वाडीत येतो कुठे? काका मात्र कुठून तरी शोधून आणतात एखादा. भाता, नवसागर, कापसाचा बोळा, धूर, झळाळी. मग काकू एकदाच विचारतात, "ह्यात तूप कडवलं तर चालेल?" कथील २३२ अंशांवर वितळतं. रिकामं भांडं गॅसवर विसरलं की कल्हई गेलीच. काका म्हणतात, "लक्ष ठेवायचं." काकू पातेलं परत फळीवर ठेवतात.

त्या हिंडालियमच्या टोपाला एक इतिहास आहे आणि काकांपुढे तो काढायचा नसतो. तो टोप बोहारणीकडून आला. काका कामावर गेले असताना काकूंनी त्यांच्या दोन टेरिकॉटच्या पँटी आणि स्वतःची एक साडी देऊन, तासभर घासाघीस करून, वर एक चाळणी मागून तो घेतला. घरातलं सगळ्यात जास्त वापरलेलं भांडं काट्यावर कधी चढलंच नाही. काकांनी बरेच दिवस हिशेब करून पाहिला. पण टेरिकॉटचा किलोचा भाव काय धरायचा, आणि साडीचे काठ त्यात धरायचे की वेगळे, इथे गाडी अडायची.

लालबागच्या लग्नाच्या खरेदीला काकू पहिल्यांदाच बरोबर आल्या. वहिनींनी हट्ट धरला म्हणून. होणारा जावईही आला होता. काकांची यादी एकतीस नगांची. त्यांनी दुकानात शिरताच पहिल्या टोपाला ठोका दिला, भिंगाने बूड वाचलं, चुंबक बुडाला चिकटवलं, अंगाला लावून पाहिलं आणि विजयाने तो पाच लिटरचा टोप मुलीच्या हातात ठेवला. "बघ. ह्याला म्हणतात वजन."

काकू शेठना म्हणाल्या, "पाण्याची बादली आहे का हो?"

शेठना वाटलं प्यायला हवंय. काकूंनी टोप घेतला, त्यात तांब्या तांब्याने चार लिटर पाणी ओतलं आणि मुलीला म्हणाल्या, "आता एका बाजूला कलव. भाताची पेज काढतेस तसं."

मुलीने दोन्ही हातांनी उचलला. मनगटं थरथरली, काउंटरवर पाणी सांडलं.

"तुमच्याकडे घासणार कोण?"

मुलीने होणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं. "तसं ठरलंय."

"मग तुम्ही उचला," काकू जावयाला म्हणाल्या. "आणि आत हात घालून बुडाच्या कोपऱ्यापर्यंत बोटं पोचतात का बघा. त्या रिव्हेटच्या टोकाशी काय अडकणार आहे तेही बघा. उसळ अडकणार आहे."

जावयाने हात घातला, बाहेर काढला, आणि म्हणाला, "तीन लिटरचा दाखवा."

काका म्हणाले, "अगं, पण बूड? वजन नसेल तर बूड कुठून येणार?"

तेव्हा काकूंनी जे सांगितलं ते तांबा काट्यावर कुणी पाटी करून लावायला हरकत नाही. "बूड जाड हवं ते चिकटतं तिथे. दूध, खीर, उसळ, शिरा. त्या एका टोपाला आणि कढईला घाला पैसे. चहाला काय करायचंय जाड बूड? पाणी करपतं का? तिथे स्वस्त घ्या. तवा मात्र जड घ्या, बिडाचाच, तो काही कुणी भरून उचलत नाही. तुमच्या त्या काचेवर चालतो का?" जावई म्हणाला, चालतो, बिडाला चुंबक चिकटतं. "मग झालं. धुतला की लगेच पुसायचा, तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर पावसाळ्यात तांबेरा धरतो. सहा महिन्यांनी त्यावर घावन आपोआप सुटतं. नॉनस्टिक घ्यायचं तर एक छोटं घ्या, अंड्याला. रिकामं तापवत ठेवू नका, आणि ते कायमचं आहे असं समजू नका. वापराने बिडाचा तवा सुधारतो, नॉनस्टिक उतरतं. सेट-बिट काही नको. सेटमधले दोन टोप वापरतात आणि तिनांवर धूळ बसते."

नॉनस्टिकचा तो लेप साधारण २६० अंशांपुढे बिघडायला लागतो, ही माहिती काकांच्या ओठांवर आली होती. काकूंनी ती तिथेच राहू दिली.

यादी आठ नगांवर आली. शेठनी काकूंसाठी स्टूल मागवलं. इतक्या वर्षांत काकांसाठी कधी मागवलं नव्हतं. काका गप्प होते. मग हळूच म्हणाले, "फळीवरची मी काय उगाच घेतली?"

"उगाच कशाला?" काकू म्हणाल्या. "तुम्हाला आवडली म्हणून घेतलीत. तेवढं त्यांना आवडायला लावू नका म्हणजे झालं."

एवढं ऐकल्यावर दुसरा कुणी माणूस बाहेर जाऊन ताक प्यायला असता. पण काट्याचा निकाल लागायचा होता. शेठनी आठ भांडी काट्यावर रचली आणि आकडा लिहायला पेन्सिल उचलली, तोच काकांनी हात आडवा केला.

"थांबा. नावं कोरायचीत ना?"

"हो. फ्री हाय, काका. बोला नाव."

"मग आधी कोरा. वजन नंतर."

शेठनी पेन्सिल खाली ठेवली. "असा का?"

"कोरताना धातू जातो. गेलेल्या धातूचे पैसे आम्ही का द्यायचे?"

दुकानात क्षणभर शांतता झाली. जावई हसू दाबायला रस्त्याकडे वळला. काकूंनी पदर तोंडाला लावला. शेठ मात्र हसले नाहीत, अनुभवी माणूस. त्यांनी मशीन लावलं, किर्रर करत आठही भांड्यांवर मुलीचं आणि जावयाचं नाव कोरलं, आडनावासकट, तारखेसकट, कारण काकांनी अक्षरं वाढवून घेतली. मग भांडी पुन्हा काट्यावर चढवली.

आकडा तोच होता. एका ग्रॅमचाही फरक नाही.

काकांनी भिंग काढलं, आकडा जवळून वाचला आणि म्हणाले, "पुसून घ्या आधी. भुगा वरच बसलाय."